तिसरी जोडी

१

नलूची कॅसेट आम्ही रविवारी दुपारी ऐकत असू. जेवणं आटोपली की मंजुळा भांडी तशीच ठेवून हात पुसत यायची, मी टेपरेकॉर्डर खाली सतरंजीवर घ्यायचो आणि आम्ही दोघं समोरासमोर बसायचो. नलू, म्हणजे नलिनी, आमची एकुलती मुलगी. तिचं लग्न धुळ्याच्या जयवंतरावांशी झालं आणि एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात ती त्यांच्यासोबत कॅनडात, विनिपेगला गेली. जयवंतराव तिथे एका कारखान्यात इंजिनियर होते. नलूला लांब पत्र लिहायचा कंटाळा, म्हणून महिन्या-दीड महिन्याने ती कॅसेटवर तासभर बोलायची आणि टपालाने पाठवून द्यायची. पोहोचायला पंधरा दिवस लागत.

मी जळगावच्या टेलिफोन ऑफिसात तीस वर्षं काढली. लाइनवरची खरखर, मध्येच मिसळणारं दुसऱ्याचं बोलणं, स्वतःच्याच आवाजाचा पडसाद, हे सगळं ओळखणं माझं काम होतं. प्रत्येक आवाजाला कारण असतं आणि शोधलं की सापडतं, हे मी हाताखालच्या लोकांना शिकवत आलो. निवृत्त झालो तेव्हाही माझं मत तेच होतं.

सप्टेंबरच्या कॅसेटमध्ये नलू खूश होती. त्यांना नदीजवळ लाकडी घराचा तळमजला भाड्याने मिळाला होता.

"माय, तू घाबरत होतीस ना, तिकडे लोक चुलीपर्यंत बूट घालून जातात म्हणून? इथे तसं नाही. गोरे लोकसुद्धा दारातच बूट काढतात. थंडीत बर्फाचा चिखल असतो ना. आमच्या दाराच्या आत रबराची चटई आहे, सगळ्यांचे बूट तिच्यावर. पोस्टमन आत आला तरी काढतो."

मंजुळाला बरं वाटलं. शेजारच्या सुनंदाबाईंना तिने ते दोनदा सांगितलं.

कॅसेटच्या शेवटी नलूने आणखी एक सांगितलं, हसत हसत. "एक गंमत आहे. सकाळी उठलं की चटईवर एक जोडी जास्त असते. आमची दोघांची दोन, आणि ही तिसरी. पुरुषाचे काळे बूट, जुने. हे म्हणतात आधीच्या भाडेकरूचे असतील. मी ते उचलून मागच्या खोलीत ठेवते. सकाळी परत चटईवर. आणि माय, ओले असतात."

२

मंजुळाने मला ते वाक्य मागे नेऊन पुन्हा ऐकवायला लावलं.

ती शिंदखेड्याकडची. घरात आम्ही साधी मराठी बोलत असू, पण मन हललं की तिच्या तोंडी अहिराणी यायची. "जोडा दारमा शे म्हणजे मानूस घरमा शे," ती म्हणाली.

मी हसलो. ती चुकीचं बोलत नव्हती. आपल्याकडे कोणाच्याही ओट्यावर चढताना आधी नजर चपलांवर जाते. कोण आलंय, बायका किती, पुरुष किती, बसायला जागा असेल की नाही, सगळं तिथेच कळतं. पण म्हणून विनिपेगमध्ये तिसरा माणूस राहतो असं होत नाही. आधीच्या भाडेकरूकडे किल्ली असेल, तो पावसातून येऊन तळघरात झोपत असेल. एवढं सरळ कारण समोर होतं.

ऑक्टोबरमध्ये नलूचं पत्र आलं. दिवस गेले होते, मार्च महिना सांगितला होता. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं म्हणून आठ जानेवारीचं तिकीटही काढलं होतं. मंजुळा रडली, हसली, डिंकाचं कुठे काय मिळेल याची यादी करायला बसली. पत्राच्या मागच्या पानावर दोन ओळी होत्या: बूट अजून येतात. हे तळघरात जाऊन बघून आले, तिथे कोणी नाही.

मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. दाराचं कुलूप बदला. बूट कचऱ्याच्या गाडीत स्वतःच्या हाताने टाका, गाडी निघून जाईपर्यंत उभे राहा.

मंजुळा माझ्या खांद्यावरून वाचत होती. "कुलूप बदलू द्या," ती म्हणाली. "बूट फेकू नका म्हणावं."

"का?"

"पाव्हनाना जोडा फेकी दिधा ते तो जाई कसा?"

मी पाकीट चिकटवलं आणि स्वतः जाऊन टपालात टाकून आलो.

३

डिसेंबरच्या सुरुवातीला कॅसेट आली. नलूने माझं सगळं ऐकलं होतं. कुलूप बदललं, बूट गाडीत टाकले. पुढचे आठ दिवस चटईवर दोनच जोड्या.

"नवव्या दिवशी माझे बूट नव्हते," नलू म्हणाली. "मला वाटलं मीच कुठे ठेवले. दुसऱ्या दिवशी यांचेही गेले. हे प्लास्टिकच्या पिशव्या पायाला बांधून गाडीपर्यंत गेले आणि दुकानातून दोन नवीन जोड्या आणल्या. त्याही गेल्या. मग हे म्हणाले, आता बूट काढायचेच नाहीत, घालूनच झोपू. नाड्यांना दोन-दोन गाठी मारल्या. सकाळी पाय उघडे होते, नाना. मोजेही नव्हते."

मग हळूच म्हणाली, "आता घरात एकटीच आहे, हे कामावर गेलेत. शेजारणीचे बूट मागून घेतलेत त्यांनी, लहान होतात. तर मी काय सांगत होते..."

तिथे मी मान वर केली. नलूच्या बोलण्यामागे एक आवाज होता. लाकडी जमिनीवर ओला तळवा टेकतो आणि सुटतो, तसा. चट्. मग थोडी शांतता. पुन्हा चट्. आवाज नलूच्या उजवीकडून आला, तिच्या मागून डावीकडे गेला आणि थांबला. नलू बाळाच्या टोपड्याबद्दल बोलत होती.

मी टेप बंद केला. हेडला धूळ बसली की असा आवाज येतो. स्पिरिटने हेड पुसला, पट्टा तपासला, जुनी कॅसेट लावून पाहिली. ती स्वच्छ वाजली. नलूची पुन्हा लावली. त्याच जागी, टोपड्याच्या आधी, चट्. मी सात वेळा ऐकली. पावलं अकरा होती आणि अकराच राहिली.

मंजुळा भांडी घासायला गेली. नळ बराच वेळ वाहत होता.

४

आठ जानेवारीला नलू विमानात बसली नाही.

नऊला सकाळी मी कॉल बुक केला. इथले आठ म्हणजे तिथले आदल्या संध्याकाळचे साडेआठ. ओळखीचा ऑपरेटर होता, अर्ध्या तासात लाइन मिळाली.

"नाना," नलू म्हणाली. आवाज शांत होता, झोपेतून उठल्यासारखा.

"का नाही निघालीस?"

"टॅक्सी आली होती. बाहेर उणे तीस होतं. पायात काही नाही."

"पिशव्या बांधायच्या. ब्लँकेट गुंडाळायचं. जयवंतरावांनी उचलून न्यायचं होतं, बाई."

"उचललं होतं. दारापर्यंत आले. मग परत फिरले."

"का?"

लाइन चालू होती, मला तिचा श्वास ऐकू येत होता. "त्यांनाही माहीत नाही," ती म्हणाली.

"जयवंतरावांना दे."

जयवंतराव आले. नमस्कार केला. कारखान्यातून रजा घेतली आहे म्हणाले. थंडी फार आहे, घरात ऊब आहे, जेवणखाण भरून ठेवलंय, काळजी करू नका. मी म्हटलं, आम्ही येतो, स्पॉन्सरचं पत्र पाठवा, त्याशिवाय व्हिसा होत नाही. पाठवतो म्हणाले. बोलणं इतकं व्यवस्थित होतं की मलाच शरम वाटली. पण ते बोलत असताना नलूही बोलत होती, दूर, फोनपासून लांब. ती कोणाशी तरी बोलत होती. मध्ये थांबायची, समोरच्याचं ऐकल्यासारखी, मग पुन्हा बोलायची.

"घरी कोणी आलंय का?" मी विचारलं.

"नाही," जयवंतराव म्हणाले. "चटईवर काहीच नाही."

पत्र आलं नाही. त्यानंतर फोन वाजत राहायचा, उचलला जायचा नाही.

५

आमच्या गल्लीच्या तोंडाशी निर्मलकुमार यांचं कापडाचं दुकान. त्यांची बहीण विनिपेगलाच दिली होती, आणि जानेवारीच्या शेवटी ते तिच्याकडे जाणार होते. मी त्यांच्याकडे गेलो, सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की मुलगी फोन उचलत नाही, जरा बघून या. मंजुळाने डिंकाचे लाडू आणि लोकरीचे मोजे दिले.

फेब्रुवारीच्या मध्यावर ते परत आले. दुकानात आले नाहीत म्हणून मी घरी गेलो. उजव्या पायाला जाड पट्टी बांधून ते पलंगावर बसले होते.

"बसा काका," ते म्हणाले. "आई, दार लोटून घे." त्यांच्या आई पाणी ठेवून आत गेल्या.

"मेव्हण्यांनी मला त्यांच्या दारात सोडलं. तासाभराने न्यायला येतो म्हणाले. नलिनीबेनने दार उघडलं. तब्येत ठीक दिसली. पाय मात्र उघडे. जयवंतरावांचेही. मी चटईवर बूट काढले. चटई कोरी होती, माझीच जोडी. आत बसलो. जयवंतराव फार बोलत नव्हते, पण हसून बोलत होते. नलिनीबेनने चहा आणला. ट्रेमध्ये चार कप."

त्यांनी चार बोटं दाखवली.

"मी मोजले. आम्ही तिघंच. तिने तीन कप आम्हाला दिले आणि चौथा घेऊन आतल्या खोलीपाशी गेली. खाली वाकून दाराशी ठेवला. दार चार बोटं उघडं होतं. काका, मला पाय दिसले."

"कोणाचे?"

"घोट्यापर्यंतच दिसले. दिवसभर पाण्यात राहिल्यावर होतात तसे, पांढरे, सुरकुतलेले. टाचा आमच्याकडे होत्या. म्हणजे तो पाठ करून उभा होता. सुनेसमोर सासरा पाठ फिरवून उभा राहतो ना, तसा. खाली जमीन ओली होती."

"तुम्ही काय केलं?"

"उठलो. नलिनीबेनला म्हटलं, चला माझ्यासोबत, आत्ताच. ती म्हणाली, कशी येऊ, आमच्याकडून चूक झाली आहे. दारात आलो तर माझे बूट नव्हते. मेव्हणे यायला वीस-पंचवीस मिनिटं होती. मी रस्त्यावर मोज्यांवर उभा राहिलो."

"आत थांबायचं होतं," माझ्या तोंडून गेलं.

निर्मलकुमारांनी माझ्याकडे पाहिलं आणि पट्टीवर हात ठेवला. "दोन बोटं काढावी लागली काका. पण आत थांबलो नाही याचं मला वाईट वाटत नाही."

त्यांचे मेव्हणे दुसऱ्या दिवशी पोलीस घेऊन गेले होते. जयवंतरावांनी दार उघडलं, नलू हसून बोलली. तक्रार नाही म्हटल्यावर पोलीस काय करणार. पोलिसांनी म्हणे आत जाताना बूट काढलेच नाहीत. बहुधा म्हणूनच ते धड बाहेर आले.

६

मंजुळा त्या रात्री झोपली नाही आणि सकाळी तिने माझ्यापुढे कागद ठेवला.

"फेकायला तुम्ही सांगितलं. आता तुम्हीच भरून द्या."

मी काही वाद घातला नाही. माझ्याकडे दुसरं काय होतं? नलूला लिहिलं: झाली चूक माझी आहे, तुमची नाही. त्यांना सांग, मी इथून चांगली जोडी करून पाठवतो. त्यांना माप विचार.

'त्यांना' असं लिहिलं तेव्हा माझा हात थांबला. पण दुसरा शब्द सुचला नाही.

मार्च संपता संपता जाड पाकीट आलं. आत चिठ्ठी होती, एकाच ओळीची: "मुलगी झाली, घरीच झाली, दोघी बऱ्या आहोत." बाळाचा फोटो नव्हता. सोबत घडी घातलेला मोठा कागद होता, पाण्याने फुगून वाळलेला. मी तो टेबलावर पसरला. पेन्सिलने दोन पावलं काढली होती, एकाखाली नलूच्या अक्षरात 'डावा' आणि दुसऱ्याखाली 'उजवा'.

पावलं मोठी होती, पण माणसाचीच. रेघ सगळीकडून ठाम आली होती, फक्त बोटांच्या खाचांपाशी थरथरलेली. मला त्या रेघेकडे बघवेना. असं माप घ्यायचं तर कागदावर माणूस उभा राहावा लागतो आणि दुसऱ्याने त्याच्या पायाशी बसून पेन्सिल फिरवावी लागते. बाळंतीण पोर, किती दिवसांची ओली, जमिनीवर बसली होती. तिने मान वर करून पाहिलं असेल का? मंजुळा कागदावर हात ठेवून उभी होती. नंतर तिने तो हात पदराला पुसला.

स्टेशन रोडवर झुलाल बसतो, तो बूट शिवतो. कागद पाहून म्हणाला, "भाऊ, मानूस भारी दिसस. वजन शे."

"कशावरून?"

"कागद दाबायेल शे ना." त्याने मला टाचेखाली पडलेला खड्डा दाखवला. "मजबूत करतो. टाचेला लोखंडी नाल मारतो, बर्फात घसरणार नाही."

मीच म्हटलं, मार. चांगलं होऊ दे. बूट सहा दिवसांत तयार झाले. काळे, जाड तळाचे. मंजुळाने त्यांना हळदकुंकू लावलं नाही, पण खोक्यात ठेवताना हात जोडले. "आता जा रे भाऊ," ती पुटपुटली. "मन्ही पोरले सोड."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पार्सल गेलं. मी रोज हिशेब करायचो, आज मुंबई सोडली असेल, आज पोहोचलं असेल, आज उघडलं असेल. घालतील आणि दाराबाहेर पडतील. बाकी काही मागणं नव्हतं.

७

मेच्या दुसऱ्या आठवड्यात कॅसेट आली. रविवार नव्हता, पण आम्ही थांबलो नाही. बाहेर ऊन होतं, कूलरचा आवाज नको म्हणून मंजुळाने तो बंद केला.

"नाना, माय," नलू म्हणाली. "बूट पोहोचले. बरोबर बसले. त्यांना आवडले."

मंजुळाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुम्ही म्हणाला होता, घालून जातील. मी दारही उघडून धरलं होतं. फार थंडी आली आत." मग आवाज आणखी खाली आला. "ते गेले नाहीत, नाना. आधी ते बूट काढून राहायचे. तेव्हा पाहुण्यासारखं होतं. दार लोटलेलं असायचं, मागच्या खोलीतच असायचे. आता काढत नाहीत. सगळ्या खोल्यांतून फिरतात. हे बसलेले असले की यांच्या खुर्चीपाशी येऊन उभे राहतात, मग हे उठतात. पलंगावरही..."

तिथे बाळ रडलं. आमच्या नातीचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. बारीक, भुकेजलेला आवाज.

"थांब, येते हं," नलू म्हणाली. कपड्यांची सळसळ झाली, ती उठत असावी.

मग नाल वाजली.

लाकडावर लोखंड. जड, सावकाश. झुलालने ठोकलेली, मी सांगून ठोकून घेतलेली. मला त्या आवाजाचं कारण शोधावं लागलं नाही. पावलं घराच्या मागच्या बाजूने आली, नलूजवळून गेली. सळसळ थांबली. नलू जिथे होती तिथेच राहिली असावी. पावलं बाळापाशी थांबली.

रडणं एकदा वर गेलं आणि तुटलं.

मंजुळाची बोटं माझ्या गुडघ्यात रुतली. मी टेपच्या चाकांकडे बघत होतो. ती फिरत होती. थोड्या वेळाने नाल पुन्हा वाजायला लागली, पण चाल वेगळी होती. चार पावलं इकडे, थांबणं, चार पावलं तिकडे, थांबणं. बाळ मध्येच एकदा कुरकुरलं, दबलेल्या आवाजात, कोणाच्या तरी छातीशी धरल्यासारखं.

"निजाडी ऱ्हायना," मंजुळा म्हणाली. चाल खरंच बाळ निजवणाऱ्याची होती. "तो पोरले निजाडी ऱ्हायना."

"नलू," मी टेपरेकॉर्डरला म्हणालो. मोठ्याने म्हणालो. ती कॅसेट पंधरा दिवसांपूर्वी भरलेली होती हे मला माहीत होतं.

टेपवर जयवंतराव कुठे नव्हते. खाट्कन बटण उडालं, पहिली बाजू संपली.

मंजुळाने कॅसेट काढली, उलटवली आणि पुन्हा लावली. नलूनेही तिथे कॅसेट उलटवून पुढे भरली असावी, पण दुसऱ्या बाजूवर बोलणं नव्हतं. चार पावलं, थांबणं, चार पावलं. मी बंद करायला हात पुढे केला तर तिने माझं मनगट धरलं. तिचं बरोबर होतं. पावलांच्या मध्ये, कान देऊन ऐकलं तर, दोन श्वास ऐकू येत होते. एक मोठा, टेपच्या अगदी जवळ, तो नलूचा. एक लहान. ती बाजू पंचेचाळीस मिनिटांची होती. आम्ही दोघं सतरंजीवर तशीच बसून राहिलो आणि ते श्वास मोजत गेलो. पट्टी संपेपर्यंत दोन्ही चालू होते.